पडद्याआडचे शेजारी : दुभागलेल्या काचपेटीतील लढाऊ मासा

चंदीगडच्या पूर्व कडेला, पंचकुलाच्या सीमेला लागून मनीमाजरा ही जुनी वस्ती आहे. आखीवरेखीव शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासून ती तेथे होती. एका लहानशा संस्थानाचे ते ठाणे होते आणि त्या काळातील किल्ला आजही तेथील गल्लीबोळांत उभा आहे. चंदीगडच्या मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टर मुद्दाम वगळलेला होता. २०२० साली तो क्रमांक मनीमाजऱ्याच्या वाट्याला आला. अशा वस्तीतील एखाद्या घरात, बैठकीच्या खोलीतील फळीवर दोन फुटी काचपेटी असावी, तिच्या मधोमध एक पडदा असावा आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन लढाऊ मासे असावेत, हा या प्रकरणाचा विषय होय. त्यासाठी मनीमाजराच निवडण्याचे कारण असे की, या माशाला जे जे सोसत नाही ते जवळजवळ सर्व तेथे वर्षातून एकदा तरी हजेरी लावून जाते. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीतील रात्री तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाला हिवाळ्याची धास्ती नाही, नागपूरकराला उन्हाळ्याची पुरेपूर आहे. मनीमाजऱ्यात मासा जगवता आला तर तो कोठेही जगवता येईल, असे म्हणण्यास हरकत नाही.

लढाऊ माशाचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेन्डेन्स. हे नाव त्याला ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली दिले. त्याची मायभूमी थायलंड. तेथील भाषेत त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, म्हणतात आणि २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. भाताची खाचरे, दलदली, गवताने भरलेले संथ ओढे ही त्याची घरे. माणसाने त्याला निदान हजार वर्षांपूर्वी पाळीव केले असावे, असा निष्कर्ष जनुकीय अभ्यासांतून निघाला आहे. दुकानात दिसणारा निळाशार किंवा लालभडक, जरीच्या पदरासारखे पर मिरवणारा नर हा त्या दीर्घ पैदाशीचा परिणाम आहे. रानातील मासा तपकिरी, आखूड परांचा, सहज नजरेतून निसटणारा असतो.

या माशाविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचा आधी निकाल लावलेला बरा. तो चिखलाच्या डबक्यात राहतो, म्हणून त्याला पेलाभर पाणी पुरते, असे दुकानदार सांगतात आणि गिऱ्हाइकाला ते पटते. पटण्यासारखे कारणही आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस त्याला अनेक घड्या असलेले एक इंद्रिय असते. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. पृष्ठभागावर येऊन तोंडाने घेतलेली हवा तेथे साठते आणि घड्यांवरील रक्तवाहिन्या तिच्यातील प्राणवायू शोषून घेतात. आपल्याकडील मरळही हवेवर श्वास घेते. बाजारात टोपलीत ती तासन्‌तास जिवंत राहते ती याच सोयीमुळे. तिचे इंद्रिय मात्र निराळ्या घडणीचे असते. तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी असला तरी लढाऊ मासा गुदमरत नाही, हे खरे. परंतु प्राणवायूचा तुटवडा सोसणे आणि घाण सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाताचे खाचर उथळ असते, पण लांबरुंद असते. त्यातील पाणी पेल्यातील पाण्यासारखे दोन दिवसांत विषारी होत नाही. पेल्यातील मासा लगेच मरत नाही, एवढ्यावरून तो तेथे सुखात आहे असे ठरवणे म्हणजे उपाशी माणूस चालतो आहे म्हणून त्याचे पोट भरलेले आहे असे मानण्यासारखे आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या भांड्यात प्राणी कोंडणे हा अपराध मानला आहे. प्राण्यांना झुंजवणेही त्याच कलमाखाली येते. माशांच्या बाबतीत या कलमाची आठवण क्वचितच कोणाला होते.

पडद्याची कल्पना येथूनच सुरू होते. दोन नर एका पाण्यात ठेवता येत नाहीत. रानात त्यांची झुंज बहुधा थोडक्यात आटोपते, कारण हरणारा पळून जातो. काचपेटीत पळायला जागा नसते, म्हणून तेथे झुंज संपत नाही. दुसरीकडे, प्रत्येक माशासाठी वेगळी पेटी, वेगळी गाळणी, वेगळा हीटर ठेवणे सर्वसामान्य घराला परवडत नाही. एक मोठी पेटी घेऊन ती विभागली तर पाण्याचे एकंदर प्रमाण वाढते, तापमान लवकर चढत-उतरत नाही आणि एका गाळणीवर काम भागते. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. हवेसाठी वर तीन सेंटिमीटर जागा सोडली आणि तळाशी थोडी वाळू घातली, तर सुमारे ४५ लिटर उरते. तिचे दोन कप्पे केले की प्रत्येक माशाला बावीस लिटर मिळतात. तीन कप्पे केले तर पंधरा. चार कप्पे करण्याचा मोह टाळावा. पाण्याचा हिशेब कसाबसा जमला तरी माशाला वळायला आणि लपायला लागणारी लांबी राहत नाही.

आता पडदा कशाचा असावा? पारदर्शक पडदा पाहणाऱ्याला आवडतो. दोन्ही नर समोरासमोर येऊन कल्ल्यांची झाकणे उघडतात, पर ताणतात, रंग गडद होतात; घरी आलेले पाहुणे थक्क होतात. या दृश्याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो, तोही नीट तपासला पाहिजे. १९६३ साली ट्रॅव्हिस थॉम्पसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, ठराविक कृती केल्यास आरशातील प्रतिबिंब पाहायला मिळते हे कळल्यावर हा मासा ती कृती पुन:पुन्हा करतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दर्शन त्याला हवेहवेसे वाटते. मग पारदर्शक पडद्यात वाईट काय? उत्तर असे की, आरसा काही क्षण समोर येतो आणि जातो. शेजारी मात्र पहाटेपासून दिवा मालवेपर्यंत समोरच असतो. आव्हान देताना माशाची शक्ती खर्च होते, आणि पृष्ठभागावर हवा घेण्यास जायचे की शत्रूसमोरून हलायचे नाही, ही त्याची ओढाताण चालू राहते. असा मासा खाणे सोडतो, काचेच्या कडेने येरझारा घालतो आणि कधी स्वत:चीच शेपटी चावून टाकतो. यांतील हरणारा जीव नेहमी ओळखू येतो. तो कोपऱ्यात, गाळणीच्या मागे, फिकट होऊन बसलेला असतो. त्याला कोणी चावलेले नसते, तरी तो हरलेला असतो.

तेव्हा पडदा दुधी किंवा गडद असावा. दुधी ॲक्रिलिकच्या पत्र्याला तीन मिलिमीटरची छिद्रे पाडून तो वापरता येतो. भरतकामासाठी मिळणारी ताठ प्लास्टिकची जाळी स्वस्त पडते. तिचे दोन पदर किंचित सरकवून एकावर एक लावले की आरपार फारसे दिसत नाही आणि पाणी मात्र वाहते. धातूची जाळी कदापि वापरू नये. पडदा काचेला चिकटून, तळापर्यंत वाळूत रुतलेला आणि वर झाकणाला टेकलेला असला पाहिजे. येथे अर्ध्या सेंटिमीटरचीही सूट देऊ नये. हा मासा उत्तम उडी मारतो. पाण्याच्या वर पडद्याचे दोन बोटे टोक ठेवले म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांना एखाद्या सकाळी दोन्ही मासे एकाच कप्प्यात सापडतात. कडेची फट त्याहून वाईट. मासा तीत डोके घालतो आणि मागे सरकू शकत नाही. लॅबिरिंथवर जगणाऱ्या माशाला पृष्ठभागावर जाता आले नाही तर कल्ल्यांच्या श्वासावर त्याचे भागत नाही. तो पाण्यात असूनही बुडून मरतो. हात फिरवून जाळीच्या कापलेल्या कडा तपासाव्यात. ज्या कडेला पातळ मोजा अडकतो, त्या कडेला माशाचे परही फाटणार.

पडद्याच्या दोन्ही अंगांना हिरवळ असावी, म्हणजे त्याची कठोरता कमी होते. जावा नेचा किंवा अनुबियास यांना उजेड थोडा पुरतो. पृष्ठभागावर थोडी तरंगती गोंडाळ असल्यास नराला बुडबुड्यांचे घरटे बांधायला आधार मिळतो. घरटे दिसले म्हणजे मासा सुखी, असा समज आहे. तो अर्धवट खरा आहे. प्रौढ नर घरटे बांधतोच, आजारी असतानाही बांधतो. कोकणात आणि मुंबईत रस्त्याकडेला आढळणाऱ्या देशी बदामाचे वाळलेले, स्वच्छ पान पाण्यात टाकण्याची चाल थायलंडमध्ये पूर्वापार आहे. त्यातील टॅनिनामुळे पाणी चहासारखे होते आणि रानातील पाण्याच्या जवळ जाते. औषध म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

यानंतर पाण्याचा विचार. पडदा शरीरे वेगळी करतो, पाणी वेगळे करत नाही. हे एक वाक्य ध्यानात राहिले तर प्रकरणाचा निम्मा भाग वाचल्यासारखे होईल. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. गाळणीच्या स्पंजात आणि वाळूत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी, तिसरे बरेच सौम्य. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पेटी, मासे व पडदा एकाच दिवशी विकत आणणाऱ्या घरात मासे दगावतात ते बहुधा याच मुदतीत. मनीमाजऱ्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. चंदीगडला सतलजचे पाणी भाखडा कालव्यातून कजौली येथून उचलून पुरवले जाते आणि त्याला कूपनलिकांची जोड असते. हे पाणी किंचित अल्कधर्मी असते. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो: पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो, तर सामू ८ असताना तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढीच घाण कोकणातील विहिरीच्या मृदू पाण्यात जितका अपाय करील, त्याच्या दसपट अपाय तेथे करू शकते. सामू उतरवण्यासाठी आम्ल घालण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. मासा थोड्या अल्कधर्मी पाण्याशी जुळवून घेतो. रोज बदलणाऱ्या पाण्याशी त्याला जुळवून घेता येत नाही. उपाय साधा आहे. आठवड्याला चौथा भाग पाणी बदलावे आणि गाळणीचा स्पंज काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे जीवाणू मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

नळाचे पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवले की त्यातील मोकळा क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास पूर्वी छायाचित्रकार वापरत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, चिमूटभर पुरतो. मनीमाजऱ्यात चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेचे उद्‌घाटन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. तथापि तेथील घरांच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आहेतच, आणि माशाच्या दृष्टीने खरे संकट त्या टाकीत आहे. जूनच्या दुपारी तिच्यातील पाण्यात हात धरवत नाही, जानेवारीच्या सकाळी बोटे बधिर होतात. बादली माशांच्याच खोलीत एक रात्र ठेवावी आणि ओतण्यापूर्वी तापमापक दोन्हीकडे बुडवून पाहावा.

पडद्यामुळे पाण्याचे वाहणे मंदावते. गाळणी एका कप्प्यात आणि हीटर दुसऱ्यात, अशी वाटणी न्याय्य वाटली तरी चुकीची आहे. हवेच्या पंपावर चालणाऱ्या दोन छोट्या स्पंजाच्या गाळण्या, प्रत्येक कप्प्यात एक, हे उत्तम. लांब परांच्या माशाला जोराचा प्रवाह झेपत नाही, म्हणून बुडबुडे संथ ठेवावेत. पडद्याच्या छिद्रांवर शेवाळ धरते आणि महिन्याभरात पडदा भिंत होऊन बसतो; जुन्या दातघासणीने तो घासावा.

हिवाळा हा या माशाचा खरा शत्रू. त्याला २५ ते २८ अंश तापमान मानवते. धुक्याच्या दिवसांत, जेव्हा सूर्य आठवडाभर नीट दिसत नाही, तेव्हा मनीमाजऱ्यातील न तापवलेली खोली दहा-बारा अंशांवर येते. पाणी तिच्याहून पंधरा अंश गरम ठेवायचे तर पन्नास वॉटचा हीटर पुरत नाही. शंभर वॉटचा, तापनियंत्रक असलेला हीटर घ्यावा. ४५ लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास शंभर वॉटच्या हीटरला, उष्णता कोठेही वाया न जाता, अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. यात दिलासाही आहे आणि इशाराही: पाणी एकदम थंड होत नाही, पण एकदा थंड झाले की एकदम तापतही नाही. हीटर पडद्यालगत बसवावा आणि तापमापक हीटर नसलेल्या कप्प्याच्या दूरच्या कोपऱ्यात. कित्येक घरांत तापमापक हीटरच्या शेजारीच लटकत असतो. तो २७ दाखवतो आणि पडद्यापलीकडचा मासा २१ अंशांत तळाशी निपचित पडलेला असतो. आळशी आहे, असे त्याच्याविषयी बोलले जाते.

झाकण केवळ उडीसाठी नव्हे. मासा पृष्ठभागावरची हवा आत घेतो; ती हवा खोलीइतकी गार असेल तर गरम पाण्यातील माशाला प्रत्येक श्वासाला गारठा सोसावा लागतो. झाकणाखाली ऊबदार, दमट हवेचा थर राहू द्यावा. रात्री वीज गेली तर पेटीला तीन बाजूंनी रजई गुंडाळावी आणि घट्ट बूच लावलेली गरम पाण्याची एकेक बाटली दोन्ही कप्प्यांत तरंगत सोडावी. अन्न त्या रात्री देऊ नये. थंड पाण्यात ते पचत नाही.

उन्हाळ्यात पेटी खिडकीपासून दूर ठेवावी, झाकण जाळीचे करावे आणि पाणी तीस अंशांच्या वर चढू लागल्यास पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडावा. त्याहून अधिक जपायचे ते पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत. तेव्हा डेंग्यूच्या भीतीने घरोघर मच्छर मारण्याची औषधे जळत असतात आणि गल्लीतून धुरळणी होते. या औषधांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माणसाला फारशी बाधत नाहीत, माशाला मात्र अतिशय अल्प मात्रेतही मारतात. हवेचा पंप खोलीतील हवाच ओढून पाण्यात सोडतो, आणि हा मासा तर तीच हवा तोंडाने घेतो. म्हणजे विष दोन वाटांनी येते. धुरळणीची गाडी येताच पंप बंद करून पेटीवर ओला कपडा घालावा. ज्या खोलीत मासे आहेत तेथे ती औषधे लावूच नयेत.

अन्नाविषयी थोडक्यात. माशाचे जठर साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते, असे जाणकार सांगतात. दिवसातून दोनदा तीन-चार गोळ्या आणि आठवड्यातून एक दिवस लंघन पुरे. हा मांसाहारी मासा आहे. पिठाच्या गोळ्या किंवा पोळीचे तुकडे त्याला घालू नयेत. डासांच्या अळ्या त्याचे आवडते खाद्य होय, परंतु त्यासाठी कूलरमध्ये पाणी साचवून ठेवणे हा शेजाऱ्यांशी केलेला द्रोह ठरेल. गटारांतून गोळा केलेले ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात. त्यांच्याबरोबर रोगही फुकट मिळतो. एका कप्प्यात उरलेली गोळी प्रवाहाबरोबर पडद्याच्या पायथ्याशी जाऊन कुजते, म्हणून तेथे नजर ठेवावी.

रोग आला की दुभागलेल्या पेटीचा मोठा दोष उघडा पडतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी जातो, तेथे विभागतो आणि त्याची शेकडो सूक्ष्म पिले पोहत नवा मासा शोधतात. तीन मिलिमीटरचे छिद्र त्यांना वेशीसारखे आहे. म्हणून एका माशावर ठिपके दिसले की दोघेही आजारी आहेत असे धरून सबंध पेटीवर उपचार करावेत: तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत न्यावे, विक्रेत्याकडील औषध ठरलेल्या मात्रेत घालावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस ते चालू ठेवावे. याउलट तोंडाभोवती किंवा पाठीवर करडा-पांढरा, कापसासारखा थर आला तर तो बहुधा जीवाणूंचा रोग असतो, बुरशीचा नव्हे. त्यात उष्णता वाढवल्यास मासा एक-दोन दिवसांत जातो. अंगावर सोनेरी धूळ दिसली तर दिवा बंद करावा, कारण त्या परजीवीला उजेड मानवतो. परांच्या कडा झिजू लागल्या तर औषधाआधी पाणी तपासावे. बऱ्याचदा तेवढेच पुरते. पोट फुगून खवले उभे राहिले तर आशा थोडी.

म्हणून नवा मासा थेट पेटीत सोडू नये. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याच्या बाजारातून निघालेला मासा दोन-तीन दिवस पिशवीत, कित्येक दिवस दुकानातील बरणीत आणि मग पंजाबच्या थंडीत, असा प्रवास करून आलेला असतो. दहा लिटरच्या वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जाळीने, चार आठवडे त्याला ठेवून पाहावे. तेच भांडे पुढे रुग्णालयाचे काम देते. हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नये. माशांना होणाऱ्या क्षयाचे जंतू माणसाच्या त्वचेतही शिरतात.

चांगल्या निगराणीत हा मासा तीन-चार वर्षे जगतो, आणि विकत घेतला तेव्हाच तो वर्षाचा असू शकतो. दोन शेजाऱ्यांपैकी एक आधी जाणार, हे ठरलेलेच. रिकामा कप्पा पाहून त्याच आठवड्यात दुसरा मासा आणण्याची घाई घरात होते. पहिला कशाने गेला हे कळेपर्यंत, निदान महिनाभर, तसे करू नये. तोवर पडदा काढून घासावा, उन्हात वाळवावा आणि उरलेल्या माशाला सबंध पेटी वापरू द्यावी.